रेवंताची सात मिनिटं

रेवंता गेली त्या सकाळी मोहबोडीच्या तलावाचं पाणी सतरा अंशांवर होतं. मला हे दोन महिन्यांनी कळलं. तिच्या छातीवरच्या पट्टीला त्याच क्षणी कळलं होतं.

डिसेंबर महिना होता. शिंगाड्याची शेवटची तोड चालू होती. मी हवा भरलेल्या एका ट्यूबवर, रेवंता दुसऱ्या ट्यूबवर, मधे टोपलं. लांबची वेल ओढायला ट्यूब सोडून पाण्यात उतरावं लागे. टोलीतली, म्हणजे आमच्या मच्छीमार वस्तीतली, बहुतेक माणसं त्या दिवशी बाजाराला गेली होती. रेवंताचे मोठे भाऊ उद्धवदादा तेवढे पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळं वाळवत बसले होते. मागे वळून पाहतो तर ट्यूब रिकामी. हाक नाही, धडपड नाही, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. मी सूर मारला आणि मिनिटाभरात तिला वर काढलं. नाकापाशी बोट धरलं. श्वास नव्हता.

उद्धवदादा धावत आले. बहिणीचं तोंड पाहिलं आणि खाली बसले. मग एकदम उठून त्यांनी आजूबाजूला नजर टाकली.

"कोनी पाह्यलं का?"

"नाई."

"मंग घरी ने. चुलीपाशी बसली होती अन् कोसळली, असं सांग. पाण्याचं नाव काढू नको, जवाईबापू. पोट्टीचं लगन व्हायचं हाय."

आमच्या टोलीचा एक जुना नियम आहे. टोलीतला माणूस पाण्यात मरत नाही. मेलाच तर पाणी त्या घरावर रुसलं असं धरतात. त्या घरचं जाळं वर्षभर खुंटीला, आणि त्या घरची मुलगी कोणी करत नाही. म्हणून टोलीत कुणी पाण्यात मेलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सगळे घरीच मरायचे. कोणी झोपेत, कोणी ओसरीत, कोणी जेवताना.

आम्ही तिला बेशरमाच्या झुडपांआडून, मागच्या वाटेनं घरी नेलं. ओलं लुगडं काढून कोरडं नेसवलं. केस टॉवेलनं पुसले. चुलीपाशी निजवलं आणि मग रुग्णवाहिकेला फोन केला. गाडीतल्या डॉक्टरनं विचारलं, "केस ओले कसे?" मी म्हटलं, "आत्ताच नाहून आली होती." त्यानं लिहून घेतलं.

नयना, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा गोंदियाला होती. संध्याकाळी ती आली. तिलाही मी तेच सांगितलं.

*

पट्टीबद्दल सांगायला हवं.

आमच्या तालुक्यात चार वर्षांपासून एक अभ्यास चालू आहे. काल धडधाकट दिसलेला माणूस आज नाही, किंवा त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात गेला, अशा मृत्यूंची मोजणी. पूर्वी अशा माणसाच्या कागदावर 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहीत. "आता हृदय बंद पडल्याशिवाय कोन मरते, सांगा," असं या अभ्यासासाठी घरोघर फिरणाऱ्या वालदेताई म्हणायच्या. कुणाचं हृदय बंद पडलं हे सगळ्यांनाच माहीत असतं. का पडलं, आणि कोणत्या गावात जास्त पडतं, ते कुणी मोजलं नव्हतं.

त्यासाठी तालुक्यातल्या अडीच लाख लोकांना पट्टी दिली. कांद्याच्या पातीएवढी पातळ, डाव्या खांद्याखाली चिकटवायची. अंगाच्या उष्णतेवर चालते, पाण्यानं बिघडत नाही. हृदयाचा ठोका, त्वचेची उष्णता, हालचाल, सगळं टिपते. तिच्यावर एक ठिपका असतो. हिरवा असला म्हणजे सगळं ठीक, पिवळा झाला की दवाखान्यात जायचं. प्रत्येकाच्या रक्ताचा नमुनाही घेतला होता.

दोन-तीन वर्षांत पट्टी सगळीकडे घुसली. मुलगी पाहायला आलेले पाहुणे पोहे खाता खाता विचारू लागले, "ठिपका हिरवाच हाय ना जी?" बसच्या ड्रायव्हरला हिरवा लागे. नयनाला तर लागेच लागे. ती आपत्ती बचाव दलाच्या भरतीची तयारी करत होती. पुरात माणसं काढायचं काम. धावणं, दोर चढणं झालं होतं. पोहण्याची परीक्षा बारा फेब्रुवारीला नागपूरला होती. आमच्या टोलीतली पोर पोहण्यात काय हरणार? तिला पोहायला मीच शिकवलं होतं.

तेरवी झाल्यावर चौथ्या दिवशी वालदेताई आल्या. पन्नाशीच्या, लाखांदूरकडच्या. स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा डबा, पायात पुरुषी बूट. ओसरीवर बसल्या आणि आधी बाटलीतलं पाणी प्यायल्या. घाईनं प्रश्न विचारणारी बाई नव्हती ती. मी चहा मांडला. चुकून त्यात दोनदा साखर पडली. त्यांनी तो तसाच प्यायला.

"शहात्तर प्रश्न आहेत, हिरामणभाऊ. नको वाटलं तर सांगा, मी उद्या येईन."

मी म्हटलं विचारा. त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेलो. आदल्या दिवशी जेवली का, छातीत दुखत होतं का, पूर्वी कधी चक्कर आली होती का. लहानपणी एकदा आली होती, ते मी खरं सांगितलं. एकेचाळिसावा प्रश्न होता, "त्या वेळी पाण्यात किंवा पाण्याजवळ होत्या का?"

"नाई. चुलीपाशी."

त्यांनी लिहिलं. मान वर केली नाही.

*

जानेवारीच्या शेवटी त्या परत आल्या. या वेळी पाटीएवढा पडदा घेऊन.

"एक अडचण झाली," त्या म्हणाल्या. "ही रेवंताबाईंच्या पट्टीची नोंद. ही वरची रेघ ठोक्याची, ही खालची उष्णतेची. सात वाजून बेचाळीस मिनिटांनी पाहा. त्वचा चौतीस अंशांवरून वीसवर आली, आठ-दहा सेकंदांत. त्यानंतर लगेच ठोका बिघडला. चुलीपाशी बसलेलं माणूस इतकं गार कसं होईल?"

"गडवाभर पाणी सांडलं असंल अंगावर."

"गडवाभर?"

"मोठा गडवा हाय आमचा."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बरं. तुम्ही सांगाल तेच मी लिहिते. लोकांचं बोलणं मी खोडत नाही. खोडायचं असेल तर ते तुम्हीच खोडायचं." त्यांनी पडदा मिटला. "मग संगणक ही नोंद 'पट्टी सुटली, माप चुकीचं' म्हणून बाजूला टाकेल. परवा यादी बंद होते. आमच्या प्रमुख, डॉक्टर बोधनकर मॅडमला वाईट वाटलं, कारण शेवटपर्यंत टिपलेली तुमच्या टोलीतली ही एकच नोंद आहे. पण माप चुकलं असेल तर इलाज नाही."

"टोलीतली म्हंजे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्या टोलीत पंधरा वर्षांत अकरा माणसं अशी अचानक गेली होती. अठरा ते पन्नास वयाची, धडधाकट. टोलीत घरं एकशे दहा. तालुक्यात इतरत्र जितकी माणसं अशी जातात, त्याच्या दहा पट. एवढं कशामुळे, ते कुणालाच कळत नव्हतं. दारू नाही, विष नाही, साप नाही. मरण्याच्या वेळा वेगवेगळ्या, कामं वेगवेगळी. रक्तात एक गोष्ट सापडली होती. हृदयाच्या एका जनुकात एके ठिकाणी बदल, टोलीतल्या छत्तीस माणसांत. रेवंतामध्ये होता. पण त्या सगळ्यांचे ठिपके हिरवे. म्हणून संगणकानं त्या बदलापुढे 'निरुपद्रवी असावा' असं लिहून ठेवलं होतं.

"कोनकोनात हाय तो?"

"नावं सांगता येत नाहीत. तुमच्या घरातलं तेवढं सांगू शकते, कारण नयनानं सही करून तशी परवानगी दिली आहे. तिच्यात आहे. पण काळजी करू नका. ठिपका हिरवा आहे."

मी विचारलं, "अन् तो बदल असलेलं मानूस पाण्यात उतरलं तं?"

वालदेताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाण्याचा काय संबंध, हिरामणभाऊ? अकरांतला एकही मृत्यू पाण्यात नाही. सगळे घरी मेले."

*

मी उद्धवदादांकडे गेलो. ते आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी त्यांचा चेतन बावीस वर्षांचा असताना गेला होता. झोपेत, असं त्यांनी सांगितलं होतं. खांदा द्यायला मी होतो. त्याच्या कानात शेवाळ होतं. ते मी तेव्हा पाहिलं आणि विचारलं नाही, कारण आमच्याकडे विचारत नाहीत.

"दादा, चेतन कुठं गेला?"

जाळ्याची गाठ मारता मारता त्यांचे हात थांबले. "झोपेत."

"दादा."

"येड लागलं का तुले? बायको गेली तं टोलीचं नाक कापतं का? अध्यक्षाचा पोट्टा पान्यात बुडाला म्हनून सांगू लोकायले?"

"नयनात तेच हाय जे रेवंतात होतं. बारा तारखेले ती पान्यात उतरनार हाय."

"माही भाची पान्यात मासोळी हाय."

"रेवंताबी होती. चेतनबी होता. अकरा मासोळ्या गेल्या, दादा."

त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "तुले जे करायचं ते कर. माह्या पोराचं नाव घेऊ नको."

तिथूनच, रस्त्यात उभं राहून, मी वालदेताईंना फोन लावला. दोन तासांनी त्या आल्या. मी ओसरीवर बसून सांगितलं, "एकेचाळिसावा खोडा. पान्यात होती. तलावात. मी संगं होतो."

मला वाटलं, त्या म्हणतील तुम्ही खोटं का बोललात, इतके दिवस आमचे वाया घालवलेत. तसं काही झालं नाही. त्यांनी पेन काढलं आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. आता सावकाश. पाणी कुठपर्यंत होतं? त्या हात मारत होत्या का बसून होत्या?"

या बाईचे उपकार मी कसे सांगू? दुसरं कुणी असतं तर त्या दिवशी मला माणसातून उठवलं असतं. त्यांनी मला फक्त पुढचा प्रश्न विचारला.

*

रात्री डॉक्टर मृणाल बोधनकरांचा फोन आला. त्यांनी मला ते सगळं समजेल असं सांगितलं.

हृदयाचा ठोका म्हणजे विजेची एक लहर. लहर गेली की पुढच्या ठोक्याआधी हृदयाच्या पेशींना पुन्हा तयार व्हावं लागतं. पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून क्षाराचे कण बाहेर गेले की पेशी तयार. "तुम्ही फेकजाळं टाकता ना?" त्यांनी विचारलं. "टाकलं की ओढायचं, झटकायचं, घडी हातावर घ्यायची, मगच परत फेकायचं. घडी व्हायच्या आत फेकलं तर?"

"गुंता होते."

"तसंच. या बदलामुळे ती दारं हळू चालतात. माणूस बसलेलं असताना दोन ठोक्यांमध्ये भरपूर वेळ असतो. घडी नीट होते, म्हणून ठिपका हिरवा. पण गार पाण्यात उतरून हातपाय मारायला लागलं की हृदय धावायला लागतं. वेळ कमी पडतो आणि गुंता होतो. हृदय ठोका द्यायचं सोडून नुसतं थरथरतं. माणूस हाकही मारू शकत नाही. असे आजार जगात माहीत आहेत. पण तुमच्या टोलीतला बदल नवीन आहे. तो पाण्यात घातक आहे हे सांगणारा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता. आता एक आहे. रेवंताबाईंचा."

"एक पुरते का?"

"संगणकाला नाही पुरत. नयनाची पाण्यातली तपासणी करता आली तर पुरेल. पण ती सज्ञान आहे. तिची इच्छा पाहिजे." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तिला आईचं तुम्हीच सांगितलेलं बरं."

*

गोंदियाच्या तरणतलावावर मी सकाळी आठला पोचलो. नयना पाण्यातच होती. तिचा पाण्यात पडणारा प्रत्येक हात मी मोजत होतो. काठावरून मी हाक मारली, ती तिनं ऐकली नाही. चार फेऱ्या पुऱ्या करूनच वर आली.

"बाबा! तू कसा आला? जेवला का?"

"पान्यात नको जाऊ, बाई."

"का झालं?"

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती टॉवेल खांद्यावर धरून उभी होती. केसांतून पाणी गळत होतं.

"माहा ठिपका पाह्य," ती म्हणाली. "हिरवा हाय. दोन वर्षं झाली, एक दिवस पिवळा नाही झाला. बारा दिवसांवर परीक्षा हाय, बाबा. अन् तू सांगतं पान्यात जाऊ नको?"

"तुह्या मायचाबी हिरवा होता."

"माय चुलीपाशी गेली."

"नाई."

तिनं टॉवेल खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तिच्या केसांचा वास घेतला होता त्या दिवशी. शेवाळाचा येत होता. मले वाटलं मलेच भास होते. तुले विचारलं बी होतं. तू म्हनला, टॉवेलाचा हाय."

मी तो टॉवेल उचलून तिच्या हातात दिला.

"तपासा म्हनावं मॅडमले," ती म्हणाली. "हिरवाच राह्यते पाह्य. मंग तू माह्याशी बोलू नको."

तपासणी तिसऱ्या दिवशी झाली. त्याच तरणतलावाचं पाणी एरवी कोमट ठेवतात; तिथला एक कोपरा ताडपत्रीनं वेगळा करून, बर्फ टाकून पाणी अठरा अंशांवर आणलं. दोन पोहणारे तिच्या दोन्ही बाजूंना, काठावर हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र, नयनाच्या अंगावर पट्टीखेरीज आणखी सहा तारा. डॉक्टर बोधनकर स्वतः पोहण्याचे कपडे घालून कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. सडपातळ बाई, थंडीनं दात वाजत होते. पण बाहेरून पाहत बसल्या नाहीत.

नयना उतरली आणि हात मारू लागली. पडद्यावर प्रत्येक ठोक्यामागची रेघेची शेपटी, म्हणजे घडी व्हायला लागणारा वेळ, लांबायला लागली. एक मिनिट. दोन मिनिटं. वालदेताईंनी माझा दंड धरला होता. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी रेघेचा गुंता झाला. पडद्यावर नुसते वेडेवाकडे फराटे. "बाहेर!" डॉक्टर ओरडल्या. पोहणाऱ्यांनी तिला उचलूनच काठावर आणलं. पाच सेकंद गेले, सहा गेले. यंत्र हातात घेतलेला माणूस वाकला. आणि रेघ आपली आपणच सरळ झाली.

नयनानं डोळे उघडून पहिल्यांदा ठिपक्याकडे पाहिलं. तो लाल होता. लाल ठिपका तालुक्यात त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

ती रडली नाही. "म्हंजे झालं," एवढंच म्हणाली. भरतीचा अर्ज तिनं तिथेच मोबाइलवरून मागे घेतला. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

*

पुढच्या सोमवारी वालदेताई आमच्या सोसायटीच्या शेडमध्ये टेबल टाकून बसल्या. दवंडी नाही, फलक नाही. टोलीत बातमी फिरलीच होती. दुपारी बारापर्यंत कुणी फिरकलं नाही. मी त्यांच्याजवळ बसून होतो. येणारे-जाणारे मला टोमणे मारत होते. "का गा हिरामण, नोकरी लागली का सरकारात?" एक जण म्हणाला, "बायकोले बुडवून आला, आता गाव बुडवते."

साडेबाराला गीताबाई आली, पलीकडच्या गल्लीतली. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला होता. टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, माहावाला जेवताना नाई गेला. पोरायले भूक लागली म्हनून पहाटेच जाळं टाकाले गेला होता." मग तिची जाऊ आली. मग म्हातारा सीताराम. दोन-दोन, तीन-तीन करत लोक येऊ लागले. वालदेताई प्रत्येकाला तेच म्हणत होत्या, "बरं झालं. आता सावकाश सांगा." चहा संपला, कागद संपले.

चारला उद्धवदादा आले. टोपी हातात होती. मला वाटलं, टेबल उलथतात की काय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ताईंना म्हणाले, "लिहा. चेतन उद्धव मोहनकर. वय बावीस. तलावात. शिंगाड्याच्या वेली काढत होता. मी पाळीवर होतो." मग त्यांचा आवाज फाटला. "चांगला पोहनारा होता जी. तेवढं लिहा. बुडनारा नव्हता तो."

डॉक्टर बोधनकर मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "तो बुडाला नाही, काका. हृदय आधी थांबलं, मग तो पाण्याखाली गेला. तुमच्या टोलीतलं कुणीच बुडालेलं नाही."

मग म्हातारा सीताराम मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे आमी तीन पिढ्या कायले खोटं बोललो?" आणि आधी एक जण हसला, मग दुसरा, मग बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि हसता हसताच अर्धी शेड रडत होती.

अकरांपैकी नऊ मृत्यू पाण्यातले निघाले. रेवंताची नोंद संगणकानं 'पट्टी सुटली'मधून काढून पहिल्या पानावर घेतली. छत्तीसांपैकी हयात असलेल्या पस्तीस जणांना गोळी सुरू झाली. जुनीच गोळी आहे, रोज एक, हृदयाला धावू न देणारी. त्या पस्तिसांत नयना आहे, उद्धवदादा आहेत, आणि गीताबाईचे दोन्ही मुलगे आहेत. पाळीवर आता झटक्याचं यंत्र बसवलं आहे. छाती कशी दाबायची ते टोलीतल्या प्रत्येकाला येतं. जाळं खुंटीला टांगायचा नियम सोसायटीच्या सभेत उद्धवदादांनी स्वतः मोडला. लोक मला रस्त्यात थांबवून हात जोडतात. मी म्हणतो, रेवंताला जोडा.

*

एक गोष्ट राहिली होती. मी डॉक्टरांना विचारलं, तिच्या पट्टीवर शेवटी काय आहे ते दाखवा. त्या म्हणाल्या, "नक्की पाहायचं?" मी हो म्हटलं.

सात बेचाळीसला गुंता सुरू झाला. सात एकोणपन्नासला रेघ सपाट झाली. सात मिनिटं तिचं हृदय थरथरत होतं. मी तिला मिनिटाभरात वर काढलं होतं. म्हणजे सहा मिनिटं बाकी होती. त्या सहा मिनिटांत आम्ही तिला झुडपांआडून नेत होतो.

"छाती दाबली असती तं?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "कदाचित वाचल्या असत्या. कदाचित नसत्या. तुम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं, हिरामणभाऊ. ते आमचं काम होतं. चार वर्षं आम्ही मोजत राहिलो, शिकवलं नाही. त्यात माझीही चूक आहे."

इतक्या मोठ्या बाईनं माझ्यासमोर आपली चूक कबूल केली. तेवढ्यानं माझं ओझं उतरलं नाही. पण त्याला दुसरा हात लागला.

नयना महिनाभर माझ्याशी बोलली नाही. घरीच होती. भाजी-भाकर करायची, गोळी घ्यायची, वालदेताईंबरोबर गावोगाव जायची. त्यांनी तिला मदतीला घेतलं होतं. प्रश्न विचारायला शिकवत होत्या. मार्चच्या एका दुपारी ती ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली. हातात कागद नव्हता, पेन नव्हतं.

"बाबा, मायचं सांग. पह्यल्यापासून."

मी सांगितलं. ट्यूब, टोपलं, उद्धवदादा, झुडपं, लुगडं, टॉवेल. सहा मिनिटंही सांगितली. ती मधे एकदाही बोलली नाही. वालदेताईंनी तिला ते चांगलं शिकवलं होतं. माझं संपल्यावरही ती बसून राहिली. मला वाटलं आता उठेल आणि घर सोडून जाईल.

तिनं विचारलं, "शेवटी काही बोलली का माय?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. शहात्तर प्रश्नांत नव्हतं.

"बोलली ना. माह्या हाताकडं पाहून म्हनाली, का जी, शिंगाडे तोडता का कुरवाळता?"

नयनाच्या ओठांचा कोपरा हलला. "मंग तू का म्हनला?"

"म्हननार होतो. त्याच्यासाठीच मागं वळलो होतो."

"का म्हननार होता?"

"म्हननार होतो, तुह्यासारखे काटे असले की कुरवाळूनच घ्या लागते."

ती हसली. रेवंताचंच हसणं, नाक वर ओढून. मग तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आईसाठी, तिच्या मरणानंतर पहिल्यांदा, मोकळेपणानं रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होतो. केस कोरडे होते. तिच्या पाठीवर माझा दुसरा हात होता, आणि हाताखाली ठोका लागत होता, सावकाश, एकामागून एक.